रिकामी बिडी

माझी माय बिड्या वळायची, आणि काम मध्येच थांबवायची तिची एक ठरलेली पद्धत होती. मुर्री गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दाराजवळ चांगला उजेड पडायचा, तिथे ती मांडीवर सूप घेऊन बसे. सुपात एका अंगाला कातरलेली तेंदूची पानं, दुसऱ्या अंगाला तंबाखू, पुढ्यात धाग्याचं रीळ. पानं सुकू नयेत म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळलेली असत. त्या पोत्याचा, तंबाखूचा आणि चुलीवरच्या भाताच्या पेजेचा असा मिळून एक वास आमच्या घराला होता, तो मला पुढे कुठल्याच घरात मिळाला नाही. नळ आला, चुलीवर काही उतू गेलं, दारात कोणी हाक मारली की तिला उठावं लागे. उठताना ती शेवटची वळलेली बिडी सुपात तोंड खाली करून उलटी ठेवी. परत येऊन बसली की दोन पानं घेई, तंबाखू न घालता नुसतीच वळी आणि बाजूला टाकून देई. मग ती उलटी बिडी उचलून तिचा धागा सोडी, तीच पुन्हा वळी, आणि तिथून काम पुढे चालू होई. टाकून दिलेल्या पानांनी आम्ही चूल पेटवायचो. उलट्या बिडीचं कारण मी लहानपणीच विचारून घेतलं होतं. कुठवर आलो ते कळतं, आणि घाईत उठताना शेवटच्या बिडीचा धागा ढिला राहिलेला असतो. रिकाम्या बिड्यांबद्दल मात्र मी कधीच काही विचारलं नाही. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टीबद्दल कोण विचारतं?

बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे. दिवाळी झाली की आसपासच्या गिरण्या सुरू होत आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यांची घरघर थांबत नसे. जेवायला बसल्या बसल्या बाबा नुसत्या आवाजावरून सांगत, अमक्या गिरणीचा पट्टा सैल झालाय, तमक्या गिरणीत आज ओला धान आलाय. ताटात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी. बाजाराच्या दिवशी सुके झिंगे, म्हणजे सुकट, भाजली की वासानेच शेजारच्यांनाही कळायचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो, आणि त्या दोघांच्या खाली, काच लावून, माझं आयटीआयचं प्रमाणपत्र. मी मास्तरीण व्हावं असं बाबांच्या मनात होतं. "सावलीत बसशीन, खुर्चीवर बसशीन," ते म्हणत. मी मशिनिस्टच्या वर्गात नाव घातलं आणि अख्ख्या वर्गात मुलगी मी एकटी. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतःच्या सायकलीला तेल दिलं, सीट खाली केली आणि ती माझ्यासमोर उभी करून पायीच मिलवर निघून गेले.

वर्कशॉप आमच्या घरापासून फार लांब नव्हतं. पत्र्याच्या छताखाली धातू कातायचे चार लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगची खोली, आणि काचेच्या वेगळ्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारी एक सीएनसी मशीन. राईस मिलला लागणारे सगळे सुटे भाग तिथे व्हायचे. मालकांना सगळे सेठजी म्हणत. मनाने वाईट नव्हते, पण उतावीळ इतके, की चहा थंड होईपर्यंतसुद्धा थांबायचे नाहीत आणि मग जीभ भाजली म्हणून चहावाल्यावर ओरडायचे. त्यांनी मला घेतलं ते कॉम्प्युटरवर पत्रं आणि बिलं टाइप करायला. लेथवरचे बिसेन मिस्त्री तिथले सगळ्यात जुने. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगून झाल्यावर जी शांतता पडते ती मला शाळेपासून ओळखीची होती. मी ती पडू दिली आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. पण टायपिंग मी दुपारपर्यंतच संपवून टाकायची आणि मग काचेच्या खोलीत, ऑपरेटरच्या मागे, जाऊन उभी राहायची. तो नागपूरकडचा पोरगा बोलका होता. शिकवतोय हे त्याच्या लक्षातही न येता त्याने मला वर्षभरात सगळं शिकवलं. दिवाळीला घरी जातो म्हणून गेला तो पुण्यातून फोन आला, आता येणार नाही. त्या दिवशी सेठजींनी सगळ्या वर्कशॉपकडे नजर फिरवली आणि शेवटी, दुसरं कोणी दिसेना म्हणून, माझ्याकडे पाहिलं. "दूसरा मिलने तक तू देख," म्हणाले.

दूसरा मिलने तक! हे तीन शब्द मी रोज सायकलीवर बसून मनात घोळवायची, आणि रोज मला त्यांचा राग यायचा. मला ती मशीन हवी होती. काही दिवसांपुरती नव्हे, माझी म्हणून हवी होती. इतक्या मनापासून मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्यात.

ज्यांनी ही मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलादाचा ठोकळा घट्ट आवळून बसवतात, वरून गरगर फिरणारा कटर खाली येतो, आणि कॉम्प्युटरने आखून दिलेल्या वाटेने इकडून तिकडे, तिकडून इकडे जात पोलाद खरवडत राहतो. ही वाट म्हणजे आकड्यांच्या ओळी, एका मोठ्या कामात लाखाच्या वर. कुठे थांबलो ती ओळ कळली आणि मशीन जागची हलली नाही, तर काम तिथून पुढे नेता येतं. आता आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, आणि ते दिवस असे होते की लाईन कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. आमच्या भागात सकाळी दहाला जायची ती एकला यायची, पुन्हा संध्याकाळी सहाला जायची. वर्कशॉप आठला उघडायचं, म्हणजे सकाळचे दोन तास आणि दुपारचे पाच. जनरेटर होता, पण त्याच्यावर ही मशीन चालवली की तिच्या आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळायची. त्यामुळे लाईन जाण्याच्या दहा मिनिटं आधी मी सावध व्हायची, एक फेरी पूर्ण झाली की मशीन थांबवायची, कटर वर उचलायची आणि ओळीचा नंबर वहीत लिहायची. लाईन आली की मशीनला आधी तिच्या ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन आणायची, म्हणजे तिला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि मग लिहिलेल्या ओळीच्या आठ-दहा ओळी मागून काम सुरू करायची. हे मागून सुरू करणं मला कोणी शिकवलं नव्हतं. ती मायची उलटी बिडी होती, आणि त्याचा मला गर्वच होता.

त्या हिवाळ्यात एक मोठं काम आलं. गिरणीत धान खालून वर न्यायला पट्ट्यावर लहान लहान डब्या बसवलेल्या असतात. आधी त्या पत्र्याच्या असायच्या, आता प्लास्टिकच्या हव्या होत्या, आणि त्यांचा पोलादी साचा आम्हाला करायचा होता. ठोकळा लांबून मागवलेला, एकच. शेवटचं सफाईचं काम तीस तासांचं. मी सोमवारी सकाळी आठला सुरू केलं. लाईन गेली की थांबले, आली की सुरू केलं. लाईन आली की आमच्याकडे जे व्हायचं ते आठवलं की आजही हसू येतं. "आली!" म्हणून कोणीतरी ओरडायचं, आणि सगळे एकदम धावायचे. कोणी पंपाकडे, कोणी लेथकडे, पलीकडच्या पीठगिरणीत बायका डबे घेऊन रांगेत, सेठजी पंख्याखाली. एक मिनिट वाया जाऊ द्यायचं नाही हे आमच्या रक्तातच उतरलं होतं. मीही धावायची. शुक्रवारी दहाच्या आत काम संपलं, मी ठोकळ्यावरचं तेल पुसलं आणि वाकून पाहिलं.

साच्याच्या गुळगुळीत पोटावर रेषा होत्या. आठ रेषा. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या, पण नख फिरवलं की नख अडायचं. आणि त्यांच्यामधले पट्टे एक अरुंद, एक रुंद, एक अरुंद, एक रुंद. दोन तास, पाच तास, दोन तास, पाच तास. पेपरातलं वेळापत्रक मी पोलादात छापून ठेवलं होतं. बिसेन मिस्त्रींनी नख फिरवून पाहिलं आणि जीभ टाळूला लावून चक् केलं. अशा साच्यात प्लास्टिक अडकून बसतं, डबी निघताना फाटते. सेठजी आले, त्यांनीही नख फिरवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "कल नागपुर फोन लगाता हूँ। तू टाइपिंग देख, बेटी।"

घरी आले तर माय नळावरून नुकतीच पाणी भरून आली होती. थंडीचे दिवस, हात लाल झालेले. ती सुपाशी बसली, एक पान घेतलं, रिकामंच वळलं, टाकलं. दुसरं घेतलं. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं, मी तिच्यावरच घसरले.

"काऊन पानं वाया घालवून राहिली माय? रोज दोन-दोन!"

तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "हात थंडा हाय."

"मंग?"

"मंग काय? थंड्या हातानं वळली का बिडी येगळी येते. आधीच्या कट्ट्यातल्या बिड्यायसंग जमत नाई. मांगची घट्ट, हे ढिली. कारखान्यातला मानूस लगेच छाटून टाकते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुले काय झालं? तोंड काऊन उतरलं?"

मी दारात उभी राहून तिच्या हातांकडे बघत होते. इतकी वर्षं मी उलटी बिडी तेवढी पाहिली होती, आणि मायचं सगळं शिकून बसले म्हणून मिरवत होते. मी अर्धंच शिकले होते.

शनिवारी सात वाजताच मी वर्कशॉपच्या दारात होते. चौकीदाराने कुलूप काढलं, मी मिस्त्रींच्या पेटीतला डायल घेतला. डायल म्हणजे घड्याळासारखं माप. त्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. रात्रभर थंड पडलेल्या मशीनच्या टोकाशी तो लावून काटा शून्यावर आणला. मग तो बाजूला सरकवून मशीन हवेतच, काही न कापता, फिरू दिली. दहा मिनिटांनी थांबवून पुन्हा लावला, काटा दोन घरं सरकला होता. वीस मिनिटांनी तीन. अर्ध्या तासाने साडेतीन, आणि मग काटा हलेना. तापली की मशीन लांब होते, थंड झाली की आखडते. थंड मशीन पोलाद कमी खरवडते, तापेल तशी जास्त. प्रत्येक वेळी लाईन आल्या आल्या मी धावत जाऊन सुरू करत होते, आणि प्रत्येक वेळी एक रेषा उमटत होती. मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. इतका आनंद मला प्रमाणपत्र मिळाल्यावरही झाला नव्हता.

सेठजींनी फोनचा रिसीव्हर हातात घेतला होता तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. डायलची गोष्ट सांगितली. रेषा वर आलेल्या आहेत, खोल गेलेल्या नाहीत, सगळ्या पोटावरून पुन्हा एकदा केसभर खाली फिरले तर निघतील, हे सांगितलं. गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी अकराला साचा पाहायला येणार होतं. मला सोमवार ते शुक्रवार हवे होते. रोजच्या सात तासांतला एक तास मशीन रिकामी फिरवून उरलेल्या सहात काम, पाच दिवसांत तीस तास. "और बिगड़ा तो?" सेठजींनी विचारलं. ठोकळा एकच होता. मी म्हणाले, "तर मी टाइपिंग करीन, जन्मभर." त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, पण हात त्याच्यावरच होता. मागून बिसेन मिस्त्री म्हणाले, "करू द्या सेठजी. पोरगीनं मोजून पाह्यलं हाय. आपुन कोनी पाह्यलं का मोजून?" त्या दुपारी मिस्त्रींनी त्यांचा डबा माझ्यासमोर उघडला आणि वाटाण्याची भाजी अर्धी माझ्या भातावर घातली.

सोमवारपासून मी लाईन आली तरी धावणं सोडून दिलं. हे लिहायला सोपं आहे. "आली!" असा पुकारा होतो, सगळे पळतात, लेथ सुरू होतात, आणि तुम्ही एका मशीनसमोर हात बांधून उभं राहून तिला हवेत फिरू देता, अर्धा तास. येणारा जाणारा काचेतून बघतो. डायल आता मी कटरच्या वरच्या, न फिरणाऱ्या भागाला टेकवून ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. काटा हलायचा थांबला की वही उघडायची, आठ-दहा ओळी मागे जायची आणि काम सुरू करायची. गुरुवारी सकाळी लाईन पाव तास आधीच गेली, काम चालू असताना, आणि आली ती एकच्या ऐवजी दोनला. नशिबाने कटर फेरीच्या टोकाशी, साच्याच्या काठाबाहेर होता. पण माझा सव्वा तास गेला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तेवढंच काम उरलं होतं, सव्वा तासाचं.

शनिवारी आठला मी मशीन सुरू केली, हवेत. दहाला लाईन जाणार होती. आठ वाजून दहा मिनिटांनी सेठजी आले, कधी नव्हे ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. काचेतून त्यांनी पाहिलं आणि दार उघडून आत आले.

"लाइन है, मशीन चालू है, और काट कुछ नहीं रही?"

"साडेआठला सुरू करते सेठजी."

"साढ़े आठ! दस बजे लाइन जाएगी, ग्यारह बजे पार्टी आएगी! पाँच दिन तेरा सुना। आज नहीं सुनूँगा। चालू कर।"

"नाही," मी म्हणाले.

त्यांना पुढे यायला दोन पावलं लागली असतील. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि मी मध्ये उभी राहिले. "तुम्ही चालू करा सेठजी," मी म्हणाले, "पण मग नववी रेषा तुमची. मी वहीत तसं लिहून घरी जाते." बाहेरचे लेथ एकामागून एक बंद पडत गेले. मिस्त्री हातातलं फडकं तसंच धरून दारात येऊन उभे राहिले. सेठजी माझ्याकडे पाहत राहिले, मग डायलकडे पाहिलं. काटा हळूच, आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, अर्धं घर सरकला. ते त्यांनी पाहिलं. "ये अपने आप हिला?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि काट्यासमोर बसले. उतावळा माणूस, वीस मिनिटं एका काट्याकडे बघत बसला. साडेआठला काटा स्थिर झाला तेव्हा तेच म्हणाले, "रुक गया।" मी दहा ओळी मागे गेले आणि सुरू केलं. पावणेदहाला शेवटची ओळ संपली, कटर वर गेला. दहाला लाईन गेली.

अंधारलेल्या खोलीतून आम्ही ठोकळा बाहेर उन्हात आणला. मिस्त्रींनी डोळे मिटून अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग परत आणलं. "कुठीच नाई," म्हणाले. सेठजींनी फिरवलं. अकराला आलेल्या गिऱ्हाइकाने फिरवलं, आणि किती दिवसांत दुसरा देता, एवढंच विचारलं. एक वाजता आम्ही सगळे चहा घेत होतो तेव्हा "आली!" असा पुकारा झाला. नवा पोलादाचा तुकडा मशीनवर बांधलेला होता, एक जण कप ठेवून तिकडे धावला. सेठजींचा आवाज अख्ख्या वर्कशॉपमध्ये घुमला, "उस मशीन को कोई हाथ नहीं लगाएगा! वो बेटी की मशीन है। पहले खाली चलेगी।"

आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत. माझ्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये दोन नव्या मशीन आहेत, आणि त्यांचा पडदा लाईन आल्यावर स्वतःच विचारतो, काम पुढे चालू करायचं का? हाताखालची मुलंमुली लगेच बटण दाबायला जातात, आणि मी मागून ओरडते. त्यांना वाटतं बाईंना खोडच आहे. वाटू दे.

त्या शनिवारी संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबून ऐकत होते. सेठजींसमोर उभी राहिले ते ऐकून त्यांनी भाताचा घास तसाच ताटात ठेवला, आणि मग उगाचच भिंतीवरच्या प्रमाणपत्राची काच बाहीने पुसून आले. मायचे हात चालूच होते.

"मंग?" ती म्हणाली. "मी काय येवढी वर्सं पानं फुकटची फाडून राहिली होती का?" आणि थोड्या वेळाने, धागा दाताने तोडत तिने विचारलं, "तुह्या मशीनले किती येळ लागते गरम व्हाले?"

"अर्धा तास."

तिने हातातली बिडी खाली ठेवली. तिला मशीनची खरोखरच कीव आली होती.

"अर्धा तास! माह्या हाताले दोन पानं पुरते," माय म्हणाली. "उद्या इकडं घेऊन ये तिले. शिकवते."